चौतीसची कंबर

"हात वर. मान सरळ. हं, आता बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. बायकोची तक्रार करा, नाहीतर माझी करा."

माप घेण्याची मास्तरांची ही रीत होती. आरशासमोर उभं केलं की माणूस आपोआप पोट आत ओढतो, छाती पुढे काढतो आणि घटकाभर स्वतःच्या लग्नातल्या फोटोसारखा दिसायला बघतो. तेव्हा घेतलेल्या मापाची पँट पहिल्याच जेवणाला दगा देते. पण बोलत्या माणसाला पोट आत धरून ठेवता येत नाही. तिसऱ्या वाक्याला श्वास सुटतो, पोट आपल्या जागेवर येतं आणि त्याच क्षणी मास्तरांची टेप कमरेभोवती फिरून परतही आलेली असते.

"चौतीस!" मास्तर मोठ्याने सांगायचे.

"चौतीस," कोपऱ्यातल्या स्टुलावरून काकू म्हणायच्या आणि कागदावर लिहायच्या.

मग मास्तर खडू घ्यायचे आणि कापडाच्या उलट्या बाजूला खरा आकडा टाकायचे. अडतीस. एक्केचाळीस. चव्वेचाळीस. कात्री चालायची ती खडूच्या आकड्यावर. कागद जायचा डेपोच्या ऑफिसात.

दुकान बस डेपोच्या मागच्या फाटकासमोर होतं, तीन पायऱ्या चढून. आत दोन मशीनं, एक लांब टेबल, इस्त्री आणि माणसाएवढा आरसा. आरसा भिंतीला टेकवताना मास्तरांनी त्याची खालची कड चार बोटं पुढे ओढली होती. अशा कललेल्या आरशात माणूस जरा उंच दिसतो, जरा सडपातळ दिसतो. डेपोच्या दीडशे ड्रायव्हरांचे गणवेश दरवर्षी याच टेबलावर शिवले जात. कापड डेपोचं, शिलाई मास्तरांची, काजं-बटणं काकूंची. मास्तरांची बायको म्हणून त्या सगळ्यांच्या काकू. मास्तरीणबाई म्हणून कुणी हाक मारली, तर त्या ऐकू न आल्यासारखं करत.

हे चौतीसचं प्रकरण बारा वर्षांपूर्वी सुरू झालं. त्या वेळी डेपोत एक साहेब होते. अंगाने काडी आणि जिभेने करवत. मापाचा कागद फाइलला लावायचा सोडून त्यांनी तो वेळापत्रकाशेजारी नोटीस बोर्डावर डकवला. एका ड्रायव्हरची कंबर बेचाळीस होती. साहेबांनी त्याच्या नावाभोवती लाल गोल काढला, शेजारी एक पिंप काढलं. तेव्हापासून त्या माणसाचं नावच पिंप पडलं.

पिंप स्वभावाने गरीब. तो हसला सगळ्यांबरोबर. पण पुढच्या वर्षी मापाला आलाच नाही. जुनीच पँट नाडीने आवळून, वरून शर्ट सोडून गाडी चालवायला लागला. मास्तरांनी एकदा फाटकात गाठलं.

"का हो, आमच्यावर राग?"

"तुमच्यावर कशाला, मास्तर? टेपेवर आहे."

मास्तर घरी आले, जेवले आणि ताटावरून उठता उठता काकूंना म्हणाले, "यंदा कागदावर सगळे चौतीस."

"सगळे?"

"दोन-चार साडेचौतीस लिही. खरं वाटायला."

"आणि कुणी विचारलं तर?"

"पँटीचं कापड उंचीवर जातं गं, कमरेवर नाही. कोण विचारतंय?"

कुणी विचारलं नाही. साहेब निवृत्त झाले, दुसरे आले, तेही गेले. कागदावर दीडशे माणसं चौतीसचीच राहिली. पिंप पुन्हा मापाला यायला लागला. आरशासमोर हात वर करून तो बोलायला लागे तो थांबतच नसे, आणि 'चौतीस' ऐकलं की मान तिरकी करून मास्तरांकडे असा बघायचा, जसं काही मास्तरांनी त्याला आपल्या छत्रीत घेतलं होतं.

ड्रायव्हरांच्या कमरा का वाढतात, हे मास्तरांना कुणी शिकवायची गरज नव्हती. समोर दिसत होतं. पहाटे पाचला उपाशीपोटी चहा. दोन फेऱ्यांच्या मध्ये अकरा मिनिटं. त्यात रांगेत उभं राहून काय मिळणार? तळलेलं काहीतरी, कागदात गुंडाळून, तेल कोपरापर्यंत. वर पुन्हा चहा. पाणी कमी प्यायचं, कारण पुढच्या टोकाला मोरी आहे की नाही याचा भरवसा नाही. झोप येऊ नये म्हणून तंबाखू. आणि घरी आल्यावर दिवसभराचं एकदम जेवायचं आणि हात सुकायच्या आत आडवं व्हायचं. सीटवरून उठायचं ते सीटवरच बसायला.

आणि मास्तर तरी कुठले वेगळे! चहात चार चमचे साखर. मशीनशेजारी बिस्किटांचा डबा, तो रिकामा झालेला कुणी पाहिला नाही. पूर्वी मशीन पायाने चालायचं, तेव्हा दिवसभर पोटऱ्या हलायच्या. नऊ वर्षांपूर्वी त्याला मोटर बसवली.

"मोटर आली आणि यांचे पाय सेवानिवृत्त झाले," काकू सगळ्यांना सांगत. "आता फक्त चप्पल घालायच्या कामाचे उरलेत."

"तुझी जीभ पण मोटरवर घातलीय का कुणी?"

"ती पहिल्यापासून हातावरच चालते. बिल येत नाही."

यंदा थंडी सरता सरता पिंप गेला. भरली बस घेऊन येत होता. मध्येच त्याने इंडिकेटर लावला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं. एकाही प्रवाशाला खरचटलं नाही. मागच्या बाईने 'थांबलात का' म्हणून विचारलं, तेव्हा कळलं. निवृत्तीला दोन वर्षं होती.

मास्तर पोहोचवून आले आणि त्यांनी कपाटातली काळी वही काढली. तिच्यात खडूचे आकडे उतरवलेले असत, खरे. पिंपाच्या पानावर एकाखाली एक: बेचाळीस, त्रेचाळीस, साडेचव्वेचाळीस, शेहेचाळीस, सत्तेचाळीस. मास्तर बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले. काकूंनी चहा आणून ठेवला. तो तसाच राहिला.

त्यानंतर महिन्याभराने डेपोत नवी सिस्टर आली. आरोग्याची खोली दोन वर्षं बंद होती, ती उघडली. तिसऱ्याच दिवशी ती दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आली. तेव्हा दुकानात भोंगा उभा होता.

भोंगा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. डेपोत ड्रायव्हर. तो हसला की फाटकावरचा पहारेकरी बस आली समजून दांडा उचलायचा, म्हणून हे नाव. वय त्रेचाळीस, आणि योगायोगाने कंबरही. वर्षात तिसऱ्यांदा पँट सैल करून घ्यायला आला होता. शिवणीत मास्तर नेहमी दोन बोटं जास्तीचं कापड सोडत, पण आता तेही संपत आलं होतं. भोंगा स्टुलावर बसून धापा टाकत होता. तीन पायऱ्यांच्या.

"मास्तर तुम्हीच ना?" सिस्टरने हातातले कागद टेबलावर ठेवले. "गुरुवारी तपासणीची गाडी येणार आहे. रक्त, साखर, हृदयाचा आलेख, सगळं त्या गाडीतच. पण एकच दिवस, आणि चाळीसच जण. दीडशेतले चाळीस निवडायचे कसे? पोटाचा घेर मोठा त्यांना आधी, हा साधा नियम. मी माप घ्यायला बोलावलं, तर एकही आला नाही. एकजण म्हणाला गाडी लागलीय, एकजण म्हणाला देव पावला तर येतो. मग ऑफिसात तुमचे कागद सापडले."

मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा भोकाच्या डावीकडून गेला. मग उजवीकडून.

"बारा वर्षांचे कागद," सिस्टर म्हणाली. "सगळे चौतीस. फार तर साडेचौतीस. डेपोतल्या लोकांच्या कमरा एका साच्यातून काढल्यासारख्या. जे आजोबा झाले तेही चौतीस, आणि परवा लागले तेही."

"टेप... टेप जुनी आहे आमची," मास्तर म्हणाले.

"टेप जुनी, की मास्तर?"

भोंगा फस्सकन हसला आणि खोकल्यात हसू लपवायला गेला, ते जमलं नाही.

सिस्टर त्याच्याकडे वळली. "तुम्ही ड्रायव्हर?"

"हो."

"कंबर?"

"कागदावर बघा ना," भोंगा साळसूदपणे म्हणाला. "चौतीस."

सिस्टरने त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ती रागावली नाही. कागद गोळा केले. "मी वयावरून यादी केलीय. पन्नाशीच्या पुढचे चाळीस. पण माझं मन मानत नाही. मास्तर, माझ्यासमोर ही माणसं दारं लावून घेतात. तुमच्यासमोर हात वर करतात. उद्या दुपारपर्यंत यादी बदलता येईल. त्यानंतर नाही." पायरीवरून ती पुन्हा मागे वळली. "जो वारला, त्याचंही चौतीसच होतं. मी पाहिलं."

ती गेल्यावर भोंग्याने मांडीवर थाप मारली. "पन्नाशीच्या पुढचे! म्हणजे मी सुटलो! भाऊजी, चहा सांगा. चार चमचेवाला."

"तुला पायऱ्या चढताना काय झालं मघाशी?" काकूंनी बटणावरून मान न उचलता विचारलं.

"पित्त गं. हे बघ, गोळ्या खिशातच असतात." त्याने खिशातून पट्टी काढून दाखवली. दहातल्या आठ संपलेल्या होत्या.

"आणि हात का चोळतोयस सारखा? डावा?"

"गियर टाकून टाकून दुखतो."

"गियर डाव्या हाताने टाकतोस म्हणून दुखतो, होय? मग गियर टाकणारे सगळेच चोळत का नाहीत?"

"ताई, तू वकिली कर बघू, इथे बटणं काय लावतेस!" मग त्याने आवाज खाली आणला. भोंग्याचा खाली आणलेला आवाजही शेजारच्या दुकानात जायचा. "भाऊजी, ऐका. त्या मशीनवर रेघ जरा वाकडी आली की स्टिअरिंगवरून उतरवतात माणसाला. मग यार्डात टायर मोजत बसायचं. वीस वर्षं गाडी चालवली मी. मला दुसरं काही येत नाही. तुम्ही तोंड मिटून बसा. बारा वर्षं बसलात, आणखी एक दिवस."

"बसतो," मास्तर म्हणाले.

काकूंच्या हातातली सुई थांबली. पण भोंगा असेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. तो पँट खांद्यावर टाकून पायऱ्या उतरला. उतरतानाही कठडा धरला. मग काकू म्हणाल्या, "बसतो म्हणालात."

"मग काय म्हणू? त्याच्या पोटावर पाय आणू?"

"पोट! त्या पोटाचंच तर चाललंय सगळं."

"अगं, मी काय वाईट केलं कुणाचं? लाज राखली माणसांची. त्या बोर्डावर नावं लटकत होती. आपण ती उतरवली."

"उतरवली ना. छान केलं. तेव्हा केलं ते छानच केलं." काकूंनी बटण बोटांत धरलं होतं, ते टेबलावर ठेवलं. "पण अहो, कागदावर अक्षर कुणाचं आहे? माझं. पिंपाच्या पुढे चौतीस कुणी लिहिलं? मी. तुम्ही म्हणालात आणि मी लिहिलं, दर वर्षी. वळणदार. आज ती पोरगी म्हणाली 'मी पाहिलं', तेव्हा मला माझं अक्षर दिसलं. आता मी माझ्या भावापुढे नाही लिहिणार."

मास्तर उठले. मशीनवर बसले, मोटरचं बटण दाबलं, आणि मशीन कापडाशिवायच नुसतं चालत राहिलं.

"वही देऊन टाकू का तिला?" थोड्या वेळाने ते म्हणाले. "खरी."

"सगळ्यांचे आकडे? त्यांना न विचारता? मग तो लाल पेनवाला साहेब आणि तुम्ही, फरक काय राहिला?"

"मग करू काय? तूच सांग!"

"मला काय विचारता? माप घ्यायला येतं ना तुम्हाला? मग घ्या की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीच्या गाड्या सुटायच्या आधी, ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं होती. लाकडी बाकं, भिंतीवर फुटक्या कडेचा आरसा, मध्ये चहाची किटली. मास्तर आत आले आणि गप्पा थांबल्या. मास्तर डेपोच्या आत कधी येत नसत. मागोमाग काकू, गळ्यात टेप घालून. दाराबाहेर थोड्या अंतरावर सिस्टर उभी राहिली, आत आली नाही. तसं ठरलंच होतं.

"काय मास्तर, होम डिलिव्हरी?" कुणीतरी म्हणालं.

मास्तर आरशासमोर गेले, हात वर केले. "घे गं."

काकूंनी टेप फिरवली. "बोला काहीतरी."

"काय बोलू?" मास्तर म्हणाले आणि अडकले. तीस वर्षं दुसऱ्यांना बोलायला लावलेल्या माणसाला पहिलं वाक्य सुचेना. मग एकदम म्हणाले, "पिंप गेला त्या दिवशी त्याच्या अंगावर मी शिवलेली पँट होती. सत्तेचाळीसची. कागदावर चौतीस होती."

किटलीजवळच्या एकाने पेला खाली ठेवला.

"एक्केचाळीस!" काकूंनी मोठ्याने सांगितलं.

"ऐकलंत? माझी एक्केचाळीस. बारा वर्षं मी तुम्हाला चौतीस सांगतोय. ते खोटं आहे. सिस्टरबाईंना गुरुवारच्या यादीसाठी खरी मापं हवीत. मोठ्या कमरेवाल्यांना आधी तपासणार. माझी वही मी कुणाला देणार नाही. जो तो इथे उभा राहील, मी त्याच्या कानात सांगेन, त्याने जाऊन सिस्टरच्या कानात सांगायचं. बोर्डावर काही लागणार नाही."

मग मागून एक उंच, पुढे पोट आलेला ड्रायव्हर उठला. प्रत्येक गोष्टीत हरकत घ्यायचा म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. तो चिडलेला दिसत होता.

"एक मिनिट. मास्तर, माझं खोटं लिहिता हे मला माहीत होतं. तुमचे उपकार समजून मी आजवर गप्प राहिलो. पण ह्याचं पण?" त्याने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं.

"म्हणजे? तुझं पण खोटं?" शेजारी म्हणाला. "मला वाटलं, मास्तर माझ्या एकट्यासाठीच..."

"तुझ्या एकट्यासाठी? मला ते डोळा मारायचे!"

"मला पण मारायचे!"

"तू खरा चौतीस आहेस समजून मी बायकोला तुझं उदाहरण द्यायचो रे! बघ, म्हटलं, तोही ड्रायव्हरच आहे!"

खोलीत असा गदारोळ झाला की फाटकावरचा पहारेकरी डोकावून गेला. प्रत्येकाला वाटत होतं, मास्तरांनी आपल्या एकट्याचीच लाज झाकली. बाकी डेपो ठणठणीत आहे, आपलंच काय ते बिघडलंय. वकिलाने सगळ्यात जास्त आरडाओरडा केला आणि सगळ्यात आधी आरशासमोर जाऊन उभा राहिला. मास्तरांनी कानात आकडा सांगितला. "हरकत आहे," तो म्हणाला, पण सिस्टरकडे गेला. मग दुसरा गेला, मग रांगच लागली. ज्यांची गाडी लागली होती ते फेरी करून परत येतो म्हणाले, आणि आलेही.

"तुम्हाला जेवायला वेळ किती मिळतो?" सिस्टरने वकिलाला विचारलेलं ऐकू आलं.

"अकरा मिनिटं. रांग धरून."

तिने आकड्याशेजारी तेही लिहून घेतलं.

भोंगा एवढा वेळ बाकावर बसून होता. हसला नव्हता. रांग संपत आली तशी तो उठला आणि दाराकडे निघाला. मास्तरांच्या जवळून जाताना थांबला.

"तोंड मिटून बसतो म्हणाला होतात."

"हो."

"मग?"

"नाही जमलं."

"आज मला यादीत घालाल, उद्या यार्डात. सांगून ठेवतो भाऊजी, तुमच्या पायऱ्या पुन्हा चढणार नाही मी."

"एरवी चढता येतायत का पण तुला?" काकू म्हणाल्या. त्या दारातच उभ्या होत्या, दोन्ही हात चौकटीला लावून. अंगाने त्या भोंग्याच्या निम्म्याच होत्या. "हात वर कर."

"ताई, बाजूला हो. सगळे बघतायत."

"बघू देत. लहानपणी तुझी चड्डी मी शिवलीय. हात वर."

त्याने हात वर केले. पोट आत ओढलं. काकूंनी टेप फिरवली आणि वर त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"आज काय खाल्लंस सकाळपासून?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय?"

"चहा."

"किती?"

"तीन." त्याने श्वास तसाच धरून ठेवला होता, चेहरा लाल व्हायला लागला होता.

"रात्री किती वाजता जेवलास?"

"साडेअकरा... ताई, सोड."

"पित्ताच्या गोळ्या किती उरल्या? काल दोन होत्या."

"संपल्या."

"रात्रीत दोन? का? काय होत होतं?"

मग त्याचा श्वास सुटला, आणि श्वासाबरोबर वाक्यही, इतक्या हलक्या आवाजात की त्याचा वाटेना. "छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं गं. झोपलं की. पंधरा दिवस झाले. मी कुणाला बोललो नाही."

काकूंनी टेपेवरचा आकडा पाहिला. तो त्यांनी मोठ्याने सांगितला नाही, कानातही नाही. टेप त्याच्या कमरेला तशीच ठेवून, दोन्ही टोकं मुठीत धरून त्या त्याला सिस्टरपर्यंत घेऊन गेल्या. गाईला दाव्याने न्यावं तसं. तोही गेला.

गुरुवारपर्यंत थांबलंच नाही प्रकरण. छातीचं ऐकल्यावर सिस्टरने त्याला तिथूनच रिक्षात बसवलं. दवाखान्यात आलेख काढला. डॉक्टरांनी भोंग्याला घरी सोडलं नाही. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या बुजत आल्या होत्या. आणखी आठवडाभर तो तसाच गाडी चालवत राहिला असता, तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी काकूंना सांगितलं. काकूंनी ते मास्तरांना सांगितलं नाही, आणि मास्तरांनीही विचारलं नाही.

गुरुवारी चाळीसच्या जागी सत्तेचाळीस जण तपासले. गाडीवाल्या डॉक्टरांनी कुरकुर केली, सिस्टरने ऐकू न आल्यासारखं केलं. अकरा सापडले ज्यांची साखर वाढलेली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. त्यात वकील. "हरकत आहे," असं तो म्हणालाच असेल. अकरा मिनिटांची पंचवीस करा, असा सिस्टरचा अर्ज डेपो व्यवस्थापकाच्या टेबलावर आहे. तिथे बरेच अर्ज आहेत. ती दर सोमवारी जाऊन तो सगळ्यात वर ठेवून येते.

मास्तरांनीही रक्त तपासून घेतलं, आणि त्यांच्या साखरेचा आकडा भोंग्याच्या आवाजाएवढा मोठा निघाला. बिस्किटांच्या डब्यात आता बटणं आहेत. मोटर त्यांनी स्वतःच काढली आणि मशीनला पुन्हा पायाचा पट्टा चढवला. पहिल्या दिवशी पोटऱ्या इतक्या दुखल्या की रात्री काकूंना तेल लावावं लागलं.

"बघा, पाय सापडले," काकू म्हणाल्या.

भोंगा मात्र आला नाही. भीत होता तेच झालं. सहा महिने स्टिअरिंग बंद, यार्डात काम. बहिणीला तो फोन करायचा, भाऊजींचं नाव काढत नव्हता. मास्तर मशीनवर बसून फाटकाकडे बघत. यार्डातून एक माणूस टायरांच्या रांगेतून चालताना दिसायचा. सुरुवातीला हळू, थांबत थांबत. नंतर जरा बरा. चालायचं कामच होतं ते, टायर तपासत दिवसभर. तो माणूस दिसेनासा होईपर्यंत मास्तरांचा पाय पॅडलवर थांबलेला असायचा.

यंदाच्या गणवेशांची मापं सुरू झाली तेव्हा तिसऱ्या दिवशी दुपारी पायऱ्यांवर पावलं वाजली. एक. दोन. तीन. मध्ये थांबली नाहीत. काकूंनी मान वर केली आणि पुन्हा बटणात घातली.

भोंगा आरशासमोर जाऊन उभा राहिला. हात वर केले. मास्तर टेप घेऊन गेले.

"बोल काहीतरी," मास्तर म्हणाले.

"तुमच्याशी बोलत नाही मी."

"बरं."

"सहा महिने बोललो नाही. आता तरी कशाला बोलू? टायर मोजून मोजून डोळे गोल झालेत माझे. घरी फुळकवणी जेवण. मिठाचा खडा दिसला तर बायको पोलिसांसारखी येते. पुढच्या महिन्यात परत तपासणार, आणि मग स्टिअरिंग मिळेल असं म्हणतायत. मिळेलच असं नाही. म्हणतायत..."

"एक्केचाळीस," मास्तर म्हणाले.

"किती?"

"एक्केचाळीस."

"चाळीस लिहा की. घरचा माणूस आहे मी."

"नाही."

काकूंनी कागदावर एक्केचाळीस लिहिलं, वळणदार. भोंग्याने वाकून ते पाहिलं. मग आरशात पाहिलं. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. मग त्याचं लक्ष आरशाच्या खालच्या कडेकडे गेलं, भिंतीपासून चार बोटं पुढे आलेल्या.

"हा आरसा खोटा बोलतो का हो, भाऊजी?"

मास्तरांनी टेप गुंडाळली. "थोडासा."

भोंगा हसला. समोरच्या फाटकावर पहारेकऱ्याने दांडा उचलला आणि बस कुठे दिसेना म्हणून इकडेतिकडे बघत उभा राहिला.

"राहू दे," भोंगा म्हणाला. "तेवढं राहू दे."